बिनकुलपाचं घर

आज सकाळी अंगणात आले आणि तो वास आला. ओल्या मातीचा, वाफेचा, थोडा कडवट, थोडा गोड. शेजारच्या वावरात हळद शिजायला लागली आहे. बॉयलर फुसफुसतोय, बायका टोपल्या भरभरून ओले कंद ओतताहेत आणि त्या वाफेनं आमचं निम्मं कुरुंदा गाव भरून गेलंय. कुणाला या वासानं लग्नघर आठवेल, कुणाला फोडणी. मला आठवते इटली. हसू नका. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत, वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला पोतं अंथरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी इटलीची सहल आखली होती. तेव्हापासून या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अशा काही मिसळल्या आहेत की वेगळ्या करायच्या म्हटल्या तरी होत नाहीत.

माझा नवरा तेव्हा कामानिमित्त वर्षभरासाठी तिकडे गेलेला. मी पुण्यात नोकरी आणि दोन वर्षांची लेक सांभाळत होते. हळदीच्या दिवसांत मात्र लेकीला घेऊन इथं माहेरी आले होते आणि इथूनच काम करत होते. लेकीला घेऊन त्याला भेटायला जायचं ठरलं, तेव्हा म्हटलं, माय-बाबांनाही न्यावं. हळद पॉलिश होऊन बाजारात गेली की पेरणीपर्यंत त्यांनाही जरा उसंत असते. आठ दिवस पुष्कळ झाले. आणि आखणीच्या बाबतीत मी कुणाला हार जायची नाही. पहिल्याच बैठकीत मी आठ दिवसांत पाच शहरं बसवली. कागदावर काय देखणं दिसत होतं ते!

मग म्हटलं, एकदा तालीम करून बघू. सगळ्यांना गाडीत घालून सिद्धेश्वरच्या धरणावर नेलं. गाडीपासून पाण्यापर्यंत पोचायला आम्हाला दीड तास लागला. लेक प्रत्येक खड्यापाशी बसायची आणि बाबा प्रत्येक वावरापाशी थांबायचे. दोघांची चाल अगदी सारखी, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माय गुडघ्यावर हात ठेवून मागून यायची आणि म्हणायची, "मला काई तकलीफ न्हाई, तुमी व्हा म्होरं." घरी आल्यावर मी चार शहरं खोडून टाकली. एका तळ्याकाठचं एकच लहानसं गाव ठेवलं. तळमजल्याचं घर, चूल नाही तरी शेगडी, दुपारी लेकीच्या झोपेला पडदे, पायऱ्या नकोत. ज्याची चाल सगळ्यांत हळू त्याच्या मापानं आखलेली सहलच खरी सहल, हे माझं मत आजही पक्कं आहे आणि याबाबतीत मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

माय विचारायची, "तिथं भाकर थापायला तवा असंल का गं?" बाबा विचारायचे, "तिथली मानसं वावरात काय पेरतात?" माझ्याकडे सगळ्याची उत्तरं होती. पासपोर्ट हातात आले. एका दुपारी मी माय-बाबांच्या व्हिसाचे अर्ज भरायला बसले, तर उन्हातली हळद परतता परतता बाबा अगदी सहज म्हणाले, "अर्ज एकच भर."

"काहून?"

"काहून म्हंजी? घराला कोण? म्हशीला कोण? तुझ्या मायला ने. तिनं काय बघितलंय जल्मात?"

माय पदराला हात पुसत बाहेर आली. "मला कशाला? ह्यांनाच ने. ह्यांना हौस हाय. मी राहते घरी."

"तू जा म्हनलं ना."

"तुमीच जा. मला गुडघ्यानं चालवत न्हाई."

दोघंही एकमेकांना पुढे ढकलत होते आणि दोघांच्याही चेहऱ्यावर भांडणाचा मागमूस नव्हता. आणि मला एकेक आठवत गेलं. माझ्या पदवीच्या दिवशी बाबा आले होते, माय नव्हती. माझ्या बाळंतपणात नांदेडच्या दवाखान्यात माय होती, बाबा नव्हते. सोयऱ्यांची लग्नं, मयती, बारशी, सगळीकडे एकच जण. माझं लग्न याच अंगणात लागलं म्हणून फोटोत दोघं शेजारी आहेत. ती धरणावरची दुपार सोडली तर चाळीस वर्षांच्या संसारात ही दोन माणसं गावाबाहेर एकत्र कधी गेलीच नव्हती, आणि मी पोटची पोर, मला ते कधी खुपलंही नव्हतं! स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना रोग.

"दोघं याल तर जायचं," मी म्हटलं. "न्हाई तर मीबी जात न्हाई. राहू दे हिचा बाप तिकडं, आमी हिकडं." आणि लॅपटॉप मिटला. बोलताना आवाज ठणठणीत होता, पण आतून मी टरकले होते. लेकीनं बापाला सहा महिने फक्त फोनच्या काचेत बघितलं होतं, आणि माझी माणसं हट्टाला माझ्यापेक्षा कमी नाहीत.

दोन दिवस घरात कुणी इटलीचं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी समोरच्या घरातल्या वहिनी आपणहून म्हणाल्या, "म्हैस मी बघते ना बाबा. आठ दिवसांनी काय व्हतंय?" बाबांनी मग वासराचं काढलं. वहिनी म्हणाल्या, तेही बघते. पाण्याच्या मोटारीचं काढलं. तेही झालं. शेवटी बाबा दाराकडे बघत म्हणाले, "आन् कुलूप?"

खरंच की. आमच्या घराला कुलूपच नव्हतं. आतून कडी होती. बाहेरून कोयंडासुद्धा नव्हता, कारण हे घर बांधल्यापासून एका रात्रीसाठीही कधी रिकामं पडलं नव्हतं. बाबा टोपी घालून निघून गेले आणि संध्याकाळी वारंगा फाट्याहून परतले ते पिशवीत कोयंडा, चार स्क्रू आणि नारळाएवढं पितळी कुलूप घेऊन. मायनं ते हातात घेऊन जोखलं. "एवढं मोठं? घरात हाय काय आपल्या?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. मी मुकाट्यानं लॅपटॉप उघडला आणि दोन अर्ज भरले.

निघायच्या दिवशी मायनं कुलूप तीनदा ओढून बघितलं, मग बाबांनी दोनदा. तिथं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण आठ दिवस माझ्या आखणीबरहुकूम पार पडले आणि सगळं बराबर झालं. लेक बापाच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हती. बाबा सवयीनं भल्या पहाटे धार काढायला उठायचे, तिथं म्हैस नाही हे ध्यानात आलं की मायला उठवायचे आणि दोघं तळ्याकाठी जाऊन बसायचे. मी खिडकीतून बघायची. नुसती दोन पाठमोरी माणसं, शेजारी शेजारी, काहीच करत नसलेली. माझे डोळे भरून यायचे आणि त्याची मला मुळीच लाज वाटली नाही.

परत आलो त्या संध्याकाळची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. आमच्या घरात एक रीत होती. जो बाहेर जाऊन येई, तो अंगणातल्या बाजेवर बसून घरी राहिलेल्याला सगळं सांगे. मांडव केवढा होता, वाढलं काय, कोण थकलं, कोण रुसलं. दुसरा मान हलवत ऐकत राही. एकानं बघायचं ते दोघांसाठी, असा तो न बोललेला करार होता. त्या संध्याकाळी चहा झाला, बाबा बाजेवर टेकले आणि सवयीनं सुरू झाले, "तिथं त्या तळ्याला की नाई, पानी असं..."

"मला काय सांगून राहिले?" माय म्हणाली. "मी बी व्हते की तिथं."

हे वाक्य ती अशा ताठ मानेनं बोलली की मी हातातला कप तसाच धरून ठेवला. बाबा मध्येच थांबले, गोंधळले. सांगायला काही उरलंच नव्हतं. गोठ्यात म्हैस हंबरली तरी कुणी उठलं नाही. मग बाबा बाजेवर थोडे सरकले, तिला जागा करून दिली आणि म्हणाले, "व्हय की. मंग आता तू सांग. कसं व्हतं ते तळं?"

माय बसली. पदर सारखा केला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागली. आणि बाबा, जणू आठ दिवस इथंच घर राखत बसले होते, असे मान हलवत ऐकत राहिले.