अक्काच्या फळीवरची बरणी

वारा सकाळपासून असा सुटला होता की धक्क्यावर कुणी जांभई दिली तर जीभ वाळून परत यावी. ऊन होतं, पण नुसतं दाखवायला. अशा थंडीत अक्का बोटीच्या ढुंगणाखाली फतकल मारून बसली होती. ढुंगण हा शब्द तिचाच. “मागची बाजू म्हणायला मी काय शिंपीण आहे?” असं ती विचारायची.

या बोटींचं इंजिन पोटात असतं आणि गिअर मागे पाण्यात लोंबणाऱ्या पायात. कंपनीची माणसं त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात, अक्का शेपूट म्हणते. इंजिनाचं कौतुक सगळे करतात, शेपटीकडे कुणी बघत नाही आणि बोट बंद पडते ती शेपटीमुळेच, हे तिचं आयुष्यभराचं गाऱ्हाणं.

हे वर्कशॉप तिच्या सासऱ्यांचं. मुलाला, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, तेलाच्या वासानं मळमळायचं. तो पोस्टात चिकटला आणि सुखी झाला. म्हाताऱ्यानं जाताना वाटणी केली ती अशी: पान्हा सुनेला, बोट लेकीला. त्या दिवसापासून वन्संना वाटतं वहिनीनं वर्कशॉप लाटलं, आणि वहिनीला वाटतं वन्संनी बोट. अबोला मात्र कधी धरला नाही, कारण मग टोमणे मारायचे कुणाला? वन्संची बारा माणसांची बोट खाडीच्या पलीकडे फेऱ्या मारते आणि वर्षातून एकदा अक्काकडे येते. म्हाताऱ्याचा शब्द होता तसा.

अक्काची एक रीत सगळ्या धक्क्याला धाकात ठेवून होती. प्रत्येक बोटीचं काढलेलं गिअर-तेल ती काचेच्या बरणीत भरून ठेवायची. तेल तेलासारखं निघालं तर पिंपात. पण दुधासारखं पांढुरकं निघालं, म्हणजे आत पाणी शिरलेलं, तर ती बरणी दारावरच्या फळीवर चढायची, मालकाच्या नावासकट, वर्षभर. पोलिसांनी धरून नेलं तरी चालेल पण फळीवर नाव नको, असं लोक म्हणत. दातांच्या डॉक्टरच्या तर तीन बरण्या ओळीनं होत्या. “लोकांना दोनदा ब्रश करायला सांगतो आणि स्वतःच्या शेपटीचं तोंड तीन वर्षं उघडून बघत नाही,” अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

वन्संची बरणी मात्र फळीवर कधी चढली नव्हती. आज अक्कानं खालचा स्क्रू काढला आणि पातेल्यात जे पडलं ते वाकून पाहिलं. खरवसाच्या चिकासारखं, दाट आणि पांढरं.

“वन्सं!” तिनं हाक मारली. त्या हाकेत कणव नव्हती, सणाचा आनंद होता.

वन्सं तिकिटाच्या खिडकीतून उठून आल्या, मागोमाग दातांचा डॉक्टर आला, आणि आणखी चार रिकामटेकडे. बोटीचा ड्रायव्हर आधीच तिथं उभा होता. त्याला सगळे मौनी म्हणत, कारण तो दिवसाला सात-आठ शब्दांच्या वर जात नसे.

अक्कानं बोटीची पेटी उचकटली. आत ट्रकच्या गिअर-तेलाचा अर्धा डबा.

“हे काय रे मौनीबाबा?”

“तेलाच्या बाटलीत पातळी उतरत होती,” मौनी म्हणाला. “घातलं.”

“घातलंस! ट्रकचं तेल! अरे ट्रक पाण्यात डुंबतो का? त्याच्या तेलाला पाण्याची सवय नाही, थेंबभर शिरलं की ते हातपाय गाळतं. बोटीचं तेल थोडं पाणी सोसतं, पोटात घेतं आणि गिअरच्या दात्यांना गंज चढू देत नाही. डब्यावर बोटीचं चित्र असतं, बाबा, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी!”

लोक हसले. वन्संचं तोंड मात्र लाल झालं. इतक्या वर्षांची स्वच्छ बोट, आणि वहिनीसमोर ही शोभा.

“उद्यापासून येऊ नकोस,” त्या मौनीला म्हणाल्या. “किल्ली दे.”

मौनीनं किल्ली दिली. जाताना अक्काकडे बघून इतकंच म्हणाला, “दोनदा सांगितलं होतं तुम्हाला.”

ते खरं होतं. दोन्ही वेळा अक्कानं त्याला सुनावलं होतं, “बाटलीकडे काय बघतोस, समोर बघून बोट हाक.”

गर्दी चहाला पांगली. अक्का पातेल्यासमोर बसून राहिली. ट्रकचं तेल चुकीचं होतं, कबूल. पण तेलाचं काही पाणी होत नाही. पाणी कुठून तरी आत आलं होतं, आणि त्याच वाटेनं तेल बाहेर गेलं होतं.

तिनं पंखा उतरवला. दांड्याला मासे धरायचा दोरा गुंडाळलेला असेल, त्यानं सील कापलं असेल, अशी तिची अटकळ. दोरा नव्हता. शेपटीच्या सांध्यावरचा रबरी भाता चाचपला, धडधाकट. मग खालचा स्क्रू होता तसा, त्याच्या जुन्याच वायसरसकट, परत बसवला. चोर शोधायचा तर सगळ्यांना आपापल्या जागी उभं करावं लागतं. वरच्या भोकातून हातपंपानं हवा भरली आणि सगळ्या शेपटीवर साबणाचं पाणी चोपडलं.

खालच्या स्क्रूभोवती बुडबुडे आले. बारीक, लाळ गाळणाऱ्या पोरासारखे.

तिनं वायसर काढून उजेडात धरला. त्याच्यावर दाबाची खूण दोन्ही अंगांना होती. वायसर एकदाच दाबायचा असतो, मग फेकायचा. हा एकदा वापरून, उलटा करून, परत बसवलेला होता. या शेपटीला तिच्याशिवाय कुणाचा हात लागत नाही. आणि तिला आठवलं. गेल्या वर्षी वायसरची पुडी संपली होती, दुकान बंद व्हायला आलं होतं, आणि ती स्वतःशीच म्हणाली होती, ‘घरचीच तर बोट आहे.’

“भवाने,” अक्का स्वतःला म्हणाली. पुढचे शब्द छापण्यासारखे नव्हते.

भोवती कुणी नव्हतं. वायसर बोटाच्या पेराएवढा, खाडी दहा पावलांवर. फेकला की संपलं. धक्क्याच्या टोकाला पांढऱ्या डगल्यातल्या पोरांचं नवं सर्व्हिस सेंटर उघडलं होतं आणि अक्काची एक चूक सापडली तर निम्म्या बोटी तिकडे वळणार होत्या. पलीकडे मौनी आपली टोपी आणि रेनकोट पिशवीत कोंबत होता. त्याला दोनदा कोंबावं लागत होतं, पिशवी लहान होती.

अक्का उठली. गुडघे वाजले. तिकिटाच्या खिडकीसमोर उद्याच्या पहिल्या फेरीची रांग होती; ती रांग मोडून पुढे घुसली.

“ओ बाई, मागे!”

“मला तिकीट नको, फाशी हवीय,” अक्का म्हणाली आणि वायसर खिडकीत आपटला. “वन्सं, पाणी इथून शिरलं. हा मी उलटा करून बसवला होता.”

वन्संनी चष्मा लावला. वायसर अलटून पलटून पाहिला. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“परत सांगा, वहिनी. रांगेत मागे ऐकू गेलं नाही.”

“मी जुना वायसर लावला! माझी चूक!” अक्का ओरडली. “पोचलं का शेवटपर्यंत?”

“पोचलं!” शेवटून दातांचा डॉक्टर म्हणाला. त्याला तिकीट नको होतं, तो नुसता ऐकायला उभा राहिला होता.

“आणि मौनीला परत घ्या. त्यानं मला दोनदा सांगितलं होतं. एवढे शब्द त्यानं बायकोवरही खर्च केले नसतील.”

वन्संनी गल्ल्यातून किल्ली काढून तिच्या हातात ठेवली. “द्या त्याला. पण माझं ऐका. बाबांचा शब्द मी इतकी वर्षं पाळला. पुढच्या वर्षी बोट पांढऱ्या डगल्यांकडे.”

अक्काच्या ओठांवर चार उत्तरं आली. तिनं चारही गिळली.

“न्या,” ती म्हणाली. “पण वायसर नवा घालायला सांगा. ती पोरंही माणसंच आहेत.”

मौनीनं किल्ली घेतली आणि पिशवी परत रिकामी केली. “ट्रकचं तेल चूकच,” तो म्हणाला.

“चूकच. त्याच्यावरून तुला वेगळ्या शिव्या आहेत, घाई करू नकोस. ये, खालून भर.”

आधी पातळ तेल फिरवून शेपूट दोनदा धुतली. मग मौनीनं खालच्या भोकातून नवं तेल पंपानं चढवलं. अक्का वरच्या भोकाशी डोळा लावून बसली. खालून भरलं की हवा वरून निघून जाते, वरून ओतलं तर पोटात अडकते. बुडबुडे थांबून नितळ तेल वर आलं, तसा तिनं आधी वरचा स्क्रू आवळला, मग खालचा, दोन्ही कोऱ्या वायसरांनी.

फळीवर बरणी चढली. ब्रशनं नाव लिहिलं: अक्का. डॉक्टरनं ते मोठ्यानं वाचलं, मग आपल्या तीन बरण्यांकडे समाधानानं पाहिलं आणि म्हणाला, “शेजार चांगला मिळाला हो.”

“तुमची बोट चढवा रॅम्पवर,” अक्का म्हणाली. “गंज शेपटीऐवजी ज्यांना खातो त्या जस्ताच्या तुकड्यांची चाळण झालीय, लांबूनच दिसतंय.”

ती बोट वर येईपर्यंत ती तारेचा ब्रश शोधत राहिली. तो सापडल्यावर फतकल मारून बसली आणि डॉक्टरच्या शेपटीवरची कालवं खरवडू लागली.