एक पाय जमिनीवर

स्नूकरमध्ये एक नियम आहे. बॉल मारताना एक पाय जमिनीला टेकलेला हवा. टेबल एवढं मोठं असतं की बॉल मधोमध असला तर माझ्या उंचीच्या माणसाला जवळजवळ टेबलावर आडवंच व्हावं लागतं. ते टाळायचं तर रेस्ट नावाची एक लांब काठी असते, तिच्या टोकावर क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, टेकवून मारता येतं. मी लांबचा प्रत्येक बॉल रेस्टनेच मारायचे. कारण मी वाकले की मागच्या खुर्च्यांवरची पोरं बोलायची थांबायची.

"ताई, ही काठी सासरीपण नेणार का?" एकाने एकदा विचारलं. मीही हसले. क्लबात मुलगी मी एकटीच होते आणि मला खेळायचं होतं.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. मंद्रूपहून सोलापूरला आले, होस्टेलजवळच्या या क्लबात एकदा एका मैत्रिणीबरोबर गेले आणि मग जातच राहिले. मी बरी खेळायचे. खरं तर चांगली खेळायचे, पण असं लिहिताना अजूनही जरा अवघड वाटतं.

पुण्याच्या स्पर्धेला क्लबातून एकालाच पाठवायचं होतं. शेवटच्या सामन्यात मी आणि एक मुलगा उरलो. क्लबाचे मालक, त्यांना सगळे काका म्हणायचे, मला म्हणाले, "घरचं कुणीतरी येऊन बघून जाऊ दे. उद्या माझ्या डोक्याला ताप नको." म्हणून माझे वडील, आप्पा, आले. त्यांनी दारातच चपला काढल्या, तेव्हा दोघंतिघं फिसकन हसले.

शेवटी एकटा काळा बॉल राहिला. तो टेबलाच्या जाळीत घातला की पुणं माझं. त्या मुलाचा नेम चुकला, पण ज्याला क्यूने मारायचं तो पांढरा बॉल टेबलाच्या बरोबर मधे जाऊन थांबला. मी टेबलाखाली हात घातला. रेस्ट नव्हती.

"हितं चालू हाय आमचं," पलीकडच्या टेबलावरून एकजण म्हणाला. त्या टेबलावर कुणी खेळत नव्हतं. रेस्ट त्याच्या हातात होती.

मी काकांकडे पाहिलं. पंच तेच होते.

"खेळ, नाहीतर सोड," ते म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. मागे मोबाइल वर आले असणार, हे मला न बघता कळलं. मी वाकले, एक पाय उचलला, दुसऱ्या पायाचं बोट फरशीवर घट्ट रोवलं आणि मारलं. काळा गेला.

"फाऊल! दुसरापण पाय उचलला हिनं!" तो मुलगा ओरडला.

"टेकलेला होता काका, खरंच."

"भांडताय कशाला? मोबाइलमध्ये बघू की," खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं.

मग सगळे एका मोबाइलवर वाकले. काकाही. "परत लाव." "थांब, मोठं कर जरा." कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसू दाबलं. बराच वेळ बघून झाल्यावर काका म्हणाले, "यात पाय येतच नाही."

ज्याने व्हिडिओ काढला होता त्याने माझे पाय घेतलेच नव्हते.

"पाय दिसत नाही म्हणजे फाऊल," काकांनी सांगून टाकलं, आणि त्या मुलाच्या पाठीवर थाप मारली.

आप्पा भिंतीपाशी उभे होते. त्यांनी दारात जाऊन चपला घातल्या. आम्ही एसटी स्टँडपर्यंत चालत आलो. शेवटी मीच म्हणाले, "आप्पा, पाय टेकलेला होता."

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "समदी तुझ्याकडं बघत हुती. मी मान खाली घालून उभा हुतो. मला तेवढा पायच दिसत हुता. टेकलेला हुता."

"मग तिथं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुला पुण्याला धाडावं लागलं असतं की."

मंद्रूपची गाडी लागली होती. ते खिडकीपाशी बसले आणि म्हणाले, "जा आता. अभ्यास कर."