रिकामा न जाणारा डबा

शेजारच्या काकूंचा डबा रिकामा परत करायचा नाही, म्हणून माझी बहीण त्यात पेरूच्या फोडी भरत होती. प्रयोगशाळेतही ती हेच करते. रोगप्रतिकारक पेशी नुसत्या गेल्या तर कॅन्सरची गाठ दाद देत नाही आणि गाठ नष्ट करणारा विषाणू एकटा गेला तर शरीर त्याला वाटेतच संपवतं. म्हणून ती पेशींच्या पोटात विषाणू भरून पाठवते. ही युक्ती तिला आमच्या ओट्यापाशीच पटली असावी.

काकूंनाही कॅन्सर आहे. डबा घेताना त्यांनी विचारलं, "माझ्यापर्यंत कधी पोचणार गं तुझ्या पेशी?"

"अजून उंदरांवरच चाललंय, काकू," ती खाली बघत म्हणाली.

काकूंनी डबा उघडून पहिली फोड तिलाच भरवली. "पोचतील तेव्हा पोचतील. रिकाम्या हाताने पाठवत नाहीस ना त्यांना, मग झालं."