मनूने 'आये' म्हणून हाक मारली तेव्हा

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी ऐकूनही घेत नसे. सासूबाई दृष्ट काढायला लागल्या की मी उठून बाहेर जायची. त्यामुळे हे लिहिताना हात अडखळतोय... पण लिहितेच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे बोईसरला भाड्याच्या खोलीत राहत होतो. आमची मनू चार वर्षांची. तिला गोवर आला आणि तो छातीत उतरला – न्यूमोनिया. पालघरला एका हॉस्पिटलात ॲडमिट केलं. शेजारच्या खाटेवर कमळी होती. मनूच्याच वयाची, तोच आजार. तिची आई जानकी, मनोरपलीकडच्या एका पाड्यावरची. नवरा वीटभट्टीच्या कामाला लांब गेलेला, त्याला निरोपही पोचला नव्हता. कमळीला आणलं तेव्हाच ती बेशुद्ध होती.

इंजेक्शनं चालू होती, तरी दोघींचा ताप हटेना. तोंडात, घशात पांढरे थर धरले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "गोवराने अंगातली ताकद गेली, आता छातीत बुरशीही वाढलीय. नेहमीच्या औषधांनी ती जात नाही. मी लिहून देतो ते मुंबईहून आणा."

दोघींसाठी म्हणून हे मुंबईला गेले, दुकानं पालथी घातली. मिळालं ते एका मुलीपुरतं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "दोघींना निम्मं निम्मं द्या ना."

"मग दोघींनाही उपयोग नाही," ते म्हणाले. "आणि त्या मुलीचं आता हाताबाहेर गेलंय, बाई."

औषध मनूला लावलं. बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे जानकी नुसती बघत होती. तिने मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळी गेली. जानकी तिला लुगड्यात गुंडाळून बाहेर झाडाखाली टेम्पोची वाट बघत बसली. सोबत तिचा दीर होता.

दुपारी मनूने – इतके दिवस ग्लानीत असलेल्या माझ्या मनूने – एकदम डोळे उघडले आणि दाराकडे बघत म्हणाली, "आये... आये गो, तांबडी कणगीमागं हाय. अंडी घातलीत तिनं."

आमच्याकडे 'आई' म्हणतात. कोंबडी आम्ही कधी पाळली नव्हती. भाताची कणगी मनूने पाहिलीही नसेल. मी तिला हलवलं, "मनू, मी इथे आहे बघ." परक्या बाईकडे बघावं तशी तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा दाराकडे. "आये!"

मी धावतच बाहेर गेले आणि जानकीला ते शब्द सांगितले. कमळीला दिराच्या मांडीवर ठेवून ती आत आली. मनूने तिचा हात घट्ट धरला.

"तांबडी कवाची गायब हाय," जानकी मला म्हणाली. "मुंगसानं नेली समजलो आमी."

मग मनूच्या कपाळावर हात ठेवून हळू म्हणाली, "तांबडीला मी बघते गो. तू जा आता. ही पोर हिच्या आयेला ऱ्हाऊ दे."

मनूने डोळे मिटले. संध्याकाळपासून ताप उतरायला लागला. शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द बोलली तो "आई, पाणी."

पुढे ती हिंडूफिरू लागल्यावर तिला घेऊन मी पाड्यावर गेले. तांबडी कणगीमागेच अंड्यांवर बसलेली सापडली होती. त्या सांदीत शिरेल एवढं लहान घरात कमळीशिवाय कोणीच नव्हतं.

जानकी मनूसमोर बसली. "मला वळखतेस गो?"

मनू माझ्या पदराआड लपली. मी तिला पुढे ढकलू लागले तशी जानकीने मला थांबवलं. "नको बाय. बरं झालं. ही तुजीच हाय."

...आणि मला हायसं वाटलं! तिच्या अंगणात उभं राहून, तिच्यासमोर. त्याची लाज अजून जात नाही.

डॉक्टरांच्या मते औषधाने गुण आला. हे म्हणतात, तापाच्या भरात कानावर पडलेलं बोलली असेल. पण कमळी वॉर्डात एक अक्षर बोलली नव्हती, आणि तांबडी कुठे आहे हे खुद्द जानकीलाच ठाऊक नव्हतं. मनूला तर त्यातलं काहीच आठवत नाही.

एका आईने आपल्या मुलीला 'जा' म्हटलं आणि माझी मुलगी परत आली. त्यात औषध किती आणि जानकी किती... मला आजही सांगता येत नाही.