ताईची चाळीस पानं

भाऊजींचं दुकान म्हणजे एक टेबल, दोन कॉम्प्युटर आणि ढीगभर हट्ट. जुन्या कॉम्प्युटरवर टाईप केलेला मजकूर नव्यावर नेला की त्याचा पार चुथडा होतो. प्रत्येक अक्षरामागे एक आकडा असतो आणि जुन्या-नव्याचे आकडे जुळत नाहीत. ते जुळवून द्यायचे, हा भाऊजींचा धंदा. शाळेचे दाखले, वकिलांचे कागद, कुणाच्या आजोबांचं आत्मचरित्र. वीस वर्षांत एक ओळ हरवली नाही. पेनड्राइव्ह हातात आला की आधी तीन प्रती, मग काम. मी चिडवायचे, "भाऊजी, लग्नाआधी ताईचीही प्रत काढून ठेवायची होती." ते हसायचे नाहीत. ताई हसायची.

आजारपणात ताई तिच्या जुनाट कॉम्प्युटरवर लेकीसाठी काहीतरी लिहीत होती. "माझ्या माघारी वाचा," म्हणाली. तो कॉम्प्युटर तिच्या आधीच गेला. फाईल तेवढी एका पेनड्राइव्हवर राहिली.

ती गेली त्याच आठवड्यात भाऊजींनी दुकान उघडलं आणि प्रत न काढता ती फाईल बदलायला घेतली. आकड्यांच्या पद्धतींच्या यादीतून चुकीची पद्धत निवडली, जिच्यात फक्त इंग्रजी अक्षरं मावतात ती. जुन्या फाईलवरच लिहू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्यांनी हो म्हटलं. चाळीस पानं नुसती प्रश्नचिन्हं झाली. अक्षरं विस्कटली असती तर भाऊजींनी ती सरळ केली असती. इथे ती उरलीच नव्हती.

मला कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. तडक दुकानात गेले. "साऱ्या जगाचे कागद जपलेत आणि माझ्या बहिणीचेच घालवलेत?" आणखीही तोंडाला येईल ते बोलले. त्याची मला आजही लाज वाटते.

"लोकांच्या फायली मी वाचत नाही गं," भाऊजी खाली बघत म्हणाले. "हिची वाचायची होती. प्रती काढेपर्यंत दम निघाला नाही."

लेक दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आता ही बापावर तुटून पडणार, असं मला वाटलं. ती त्यांच्याशेजारी बसली आणि एकेक पान खाली सरकवत राहिली.

"बाबा, मधल्या रिकाम्या ओळी कशा राहिल्या?"

"त्यांचा आकडा दोन्हीकडे सारखाच असतो."

तिने एका रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे आई इथे थांबली होती. दमली असेल."

ताई गेल्यापासून भाऊजी रडले नव्हते. तेव्हा रडले.