स्वतःला ढ म्हणायची पद्धत

आमच्या ऑफिसात कोड वाचताना हसू येतं. कोडच्या मध्ये मध्ये माणसांसाठी ओळी लिहिलेल्या असतात, त्यांना कॉमेंट म्हणतात. मशीन त्या वाचत नाही, ओलांडून पुढे जातं. त्यामुळे तिथे जो तो मनातलं बोलून घेतो. 'हे का चालतं मला माहीत नाही. हात लावाल तर पाप लागेल.' 'बाबा म्हणत होते, बँकेची परीक्षा दे.' आमच्या सरांची एक ओळ तर सगळ्यांना पाठ आहे: 'खालचं सगळं एका गाढवाने लिहिलंय. ते गाढव आता टीम लीड आहे.'

मीही पोट धरून हसले. माझ्यावर पाळी येईपर्यंत.

सातपूरच्या एका कारखान्यासाठी आम्ही हजेरीचं सॉफ्टवेअर करत होतो. रात्रपाळीचा माणूस एका तारखेला आत जातो आणि दुसऱ्या तारखेला बाहेर पडतो. जुना कोड त्याला दोन्ही दिवस गैरहजर धरायचा. ते मी दुरुस्त केलं. कोड दिसायला ओबडधोबड झाला, जर-तरची लांबलचक शिडीच, पण हजेरी बरोबर लागायला लागली. असं का केलंय, ते वर एका साध्या ओळीत लिहिलं.

सरांनी तपासला. त्यांनी हो म्हटल्याशिवाय कोड कारखान्यात जात नाही.

"चालतंय," ते म्हणाले, "पण दिसतंय कसं बघ. वर एखादा जोक टाक स्वतःवर. इथली पद्धतच आहे."

"काय टाकू?"

"टाक की, मी ढ आहे, सांभाळून घ्या. असलं काहीतरी."

"मी ढ नाही, सर."

शेजारची मैत्रीण खुर्ची फिरवून बघायला लागली.

"अगं, गंमत असते ती. मी स्वतःला गाढव म्हणून घेतलं, काय बिघडलं माझं?"

"तुमचं नाही बिघडणार."

सरांचे वडील इंजिनिअर, आजोबा मास्तर. ते स्वतःला गाढव म्हणतात तेव्हा लोक हसतात, कारण ते कुणाला खरं वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. गावी, सायखेड्यात, चुलते माझ्यादेखत वडिलांना म्हणाले होते, "पोरीचं डोकं चालत नाय, कशाला नाशकाला धाडतो?" ते गंमत करत नव्हते. ते खोटं ठरवायला मला डिग्री घ्यावी लागली. आणि आता तेच मी स्वतःच्या हाताने लिहू? ज्याला कुणी कधी मनापासून ढ म्हटलं नाही, त्याने खुशाल लिहावं.

संध्याकाळी बघितलं, तर सरांनीच माझ्या कोडवर ओळ घालून ठेवलेली: 'लिहिणारी बिचारी नवीन आहे, हसू नका.' मी ती काढली. तिथे लिहिलं: 'लिहिणारी नवीन आहे. कोड बरोबर आहे. शंका असेल तर खिडकीजवळ बसते, येऊन विचारा.' आणि पुन्हा तपासायला पाठवलं.

सर उठून माझ्या टेबलापाशी आले. "लय ताठ आहेस गं."

"कोडमध्ये चूक असेल तर दाखवा, सर. दुरुस्त करते."

त्यांनी उभ्याउभ्या ती शिडी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. जागेवर जाऊन हो म्हटलं.

ती कॉमेंट अजून आहे. मध्यंतरी मला कोपऱ्यातली जागा मिळाली, तेव्हा मी ती उघडून 'खिडकीजवळ'चं 'कोपऱ्यात' केलं. 'लिहिणारी नवीन आहे' तेवढं काढून टाकलं. बाकीचं तसंच ठेवलंय.