मोर्चाच्या पुढचा माणूस

हे सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. आमच्या पक्षाचा इतिहास मीच लिहिला. कॉलेजातल्या पोरांच्या ज्या मोर्चातून पक्ष उभा राहिला, तो शहाद्याच्या तहसील कचेरीवर धडकला, असं मी त्यात लिहिलंय. खरं तर कचेरीपर्यंत एकटाच पोहोचला, तो पुढे घोषणा देणारा आमचा सोबती.

घोषणा देणाऱ्यानं पुढे चालायचं आणि मागे वळून बघायचं नाही, असा आमचा शिरस्ता होता. पोलिसांच्या लाठ्या दिसताच आम्ही गल्लीबोळांत पांगलो. त्याला सांगितलंच नाही. सगळा मार त्यानं एकट्यानं खाल्ला.

आज पक्षाचे आमदार आहेत. तो मात्र रोज दुपारी त्याच रस्त्यानं चालतो. हळू आवाजात अर्धी घोषणा देतो, उत्तर येईपर्यंत थांबतो, समाधानानं मान हलवतो आणि पुढे निघतो. मागे कधीच बघत नाही.

चहावाला चिडवतो, "काय नेता, आज कितला लोक शेतस?"

"तेच शेतस," तो म्हणतो. म्हणजे तेव्हाचे सगळे अजून मागे आहेतच.

मागच्या आठवड्यात मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. उन्हात रस्ता ओस पडला होता. 'भाऊ, आम्ही पळालो होतो, माफ कर,' एवढंच म्हणायचं होतं.

"मांगे शेतस ना रे सगळा?" त्यानं न वळताच विचारलं.

मी माफीसाठी तोंड उघडलं.

"शेतस, शेतस," तोच म्हणाला. "पाय वाजी ऱ्हायनात."

त्याला मागे पावलं वाजताना ऐकू येत होती; मी तर जागचा हललोही नव्हतो. तो चालू लागला, आणि माफी माझ्या तोंडातच राहिली.